आज भरलेले ग्लास

एप्रिलच्या पहिल्या गुरुवारी नॉर्ब शेफर आपल्या तळघरात चार नळांसमोर उभा राहिला आणि त्याला काहीच आठवेना.

शेबॉयगन गावातल्या, घरीच बिअर गाळणाऱ्या नऊ म्हाताऱ्यांच्या क्लबात एक रीत होती. ज्याच्या घरी बैठक असेल, त्याने आधी नळांपुढे उभं राहून स्वतः गाळलेल्या बिअरची ओळख करून द्यायची. नाव काय, माल्ट कोणता, हॉप्सची कडू फुलं केव्हा टाकली, यीस्ट कुठलं, पिंप कधी भरलं. हे सगळं कागदाकडे न बघता. ते संपेपर्यंत कोणी ग्लासाला हात लावायचा नाही. याला ते ‘नळ वाचणं’ म्हणत. पुष्कळ जण अडखळत, एखादा तारीख चुकवी, मग बाकीचे त्याची रेवडी उडवत. नॉर्ब मात्र कधी चुकला नव्हता. चाळीस वर्षं बेकरीत पाव भाजलेला माणूस. यीस्टविषयी बोलायला लागला की घरच्या मांजरीविषयी बोलतोय असं वाटे. त्याच्याकडे बैठक असली की लोक पिण्याइतकेच ऐकायला येत.

त्या गुरुवारी तो पहिल्या नळाच्या लाकडी मुठीवर हात ठेवून नुसताच उभा राहिला. हात हलेना, तोंडही हलेना.

“नॉर्ब, आम्ही तहानेनं मेलो तर पुरायचा खर्च तुझ्याकडे हं,” डुएन ओरडला. डुएनला कुठेही गप्प बसवत नसे.

सगळे हसले. नॉर्बही हसला. मग म्हणाला, “ही... ही तपकिरी आहे.”

पुन्हा हशा झाला. गंमतच करतोय, असं त्यांना वाटलं. फक्त दोघांना हसू आलं नाही. एक नॉर्बचा जुना दोस्त हार्लन ब्रेम, आणि दुसरी जिन्याच्या मधल्या पायरीवर चीजची बशी घेऊन थांबलेली नॉर्बची मुलगी मार्नी. ती ईस्टरला म्हणून फीनिक्सहून आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हार्लनला अंगणात गाठलं. “अंकल हार्लन, खरं सांगा. हे कधीपासून चाललंय?”

“वय झालं गं. मलाही माझा चष्मा सापडत नाही.”

“चष्मा तुमच्या डोक्यावर असतो. डॅडनं काल मला दोनदा विचारलं, आई कुठे गेली म्हणून.” आई जाऊन सहा वर्षं झाली होती. “मी जूनमधे परत येते. तुमची बैठक असेल तेव्हाच येते. तोपर्यंत तो सावरला असला तर राहू दे इथेच. नाहीतर मी त्याला घेऊन जाणार. माझ्या घराजवळ एक चांगली जागा आहे.”

“फीनिक्सला? अगं, तिथे तर उन्हानं रस्त्यावर अंडं तळतं.”

“तळू दे,” मार्नी म्हणाली. “निदान तो जिन्यावरून पडून दोन दिवस तसाच राहणार नाही.”

हार्लनने लग्न केलं नव्हतं. नगरपालिकेच्या पाणीखात्यात, मीटरच्या कार्यशाळेत त्याने एकतीस वर्षं काढली. शहरातलं प्रत्येक बिघडलेलं मीटर त्याच्या टेबलावर यायचं आणि दुरुस्त होऊन जायचं. बोलण्याची त्याला सवय नव्हती, आणि नॉर्बला त्याची अडचण नव्हती. दोघांपुरतं एकटा नॉर्बच बोलायचा. शुक्रवारी दोघांनी गावातल्या खाणावळीत तळलेला मासा खायचा, शनिवारी बिअर शिजवायची, रविवारी चर्चहून येताना नॉर्बकडे कॉफी. आठवडा असा लागलेला होता. नॉर्ब गेला तर त्या आठवड्यात काय उरेल, हा विचार हार्लनने करून पाहिला आणि लगेच सोडून दिला.

उपाय त्याला त्याच्या परीने सुचला. आठवत नाही ना, मग समोर लिहिलेलं असू द्यावं. कागद चालणार नाही. कागद बघून नळ वाचणं म्हणजे शाळेत कॉपी करण्यासारखं. पण शहरातल्या नव्या बिअर गाळणाऱ्यांकडे हल्ली नळांच्या वर टीव्हीसारखा एक पडदा असतो, त्यावर सगळी यादी झळकते. तो पडदा थाटाचा मानतात. त्यावर नजर टाकून बोललं तर कोणाला वावगं वाटणार नाही.

पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक त्याने टपालाने मागवला. वाचनालयातून दोन पुस्तकं आणली. पंधरा दिवस त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर जेवायला जागा नव्हती. त्याच्या हातून होणारं काम ते नव्हेच. आज्ञेत एक स्वल्पविराम राहिला तर पडदा काळा. पण मीटर उघडून बघणारा माणूस चिवट असतो. मे महिन्याची बैठक त्याने नॉर्बला सर्दी झालीये असं सांगून चुकवली, जूनची नॉर्बकडेच मागून घेतली, आणि त्याच शनिवारी जुना टीव्ही, वायरी आणि तो इवलासा संगणक घेऊन तो नॉर्बच्या तळघरात उतरला.

“हे काय आणलंस?” नॉर्बने विचारलं.

“तुझ्या नळांची पाटी.”

“म्हणजे मी टीव्हीवर येणार?”

“तू नाही. तुझी बिअर.”

“बरोबर आहे. ती माझ्यापेक्षा दिसायला बरी आहे.” नॉर्ब खुर्ची ओढून बसला. “मला विसरायला होतं म्हणून करतोयस ना हे?”

हार्लनच्या हातातला स्क्रू खाली पडला.

“पडू दे,” नॉर्ब म्हणाला. “मला कळतं रे. सकाळी कळतं. दुपारी कळेनासं होतं. तू कर.”

तेव्हा सकाळ होती म्हणून दोघांनी मिळून यादी लिहिली. नॉर्ब सांगत गेला, हार्लन एका बोटाने टाइप करत गेला. चार नळ, चार बिअर, सगळ्यांची कुळकथा. पडदा उजळला तेव्हा नॉर्बने ती अक्षरं मोठ्याने वाचली, आणि त्याचा जुना आवाज परत आल्यासारखा वाटला. इथेच हार्लन थांबला असता तर पुढचं कदाचित झालं नसतं.

पण नॉर्ब म्हणाला, “पिंपात किती शिल्लक आहे तेही येईल का रे? पूर्वी मी पिंप उचलून सांगायचो. आता कंबर ऐकत नाही.”

मोजण्याचं काम निघालं आणि हार्लनमधला पाणीखात्याचा माणूस जागा झाला. त्याने प्रत्येक नळामागच्या नळीत एकेक छोटं मीटर बसवलं. आत बोटाच्या नखाएवढं चाक. बिअर गेली की फिरायचं, आणि संगणक त्याचे फेरे मोजायचा. फेसाने चाक उगाच जास्त फिरतं, म्हणून त्याने ती चूक वजा करणारी आज्ञा लिहिली. स्वयंपाकाच्या काट्यावर चाळीस ग्लास तोलून पाहिले. चाळीसाव्या ग्लासाला फरक उरला तो चमचाभर. मग प्रत्येक बिअरच्या नावाखाली त्याने दोन ओळी जोडल्या. ‘शिल्लक’, आणि त्याखाली, ‘आज भरलेले ग्लास’. दुसरी ओळ कोणी मागितली नव्हती. आपलं मीटर किती नेमकं आहे ते दिसावं, एवढंच त्याच्या मनात होतं. आयुष्यभर त्याची मीटरं लोकांच्या तळघरात अंधारात पडून राहिली. एखादं उजेडात यावं असं वाटलं त्याला.

मंगळवारी दुपारी तो पाव घेऊन सहज डोकावला. नॉर्ब वर टीव्हीसमोर बसला होता. हार्लन तळघरात गेला आणि पडद्याकडे बघून थबकला. दुसऱ्या नळाखाली लिहिलं होतं, आज भरलेले ग्लास: अकरा. तिसऱ्याखाली, तीन.

मीटर बिघडलं, हा त्याचा पहिला विचार. त्याने मापाचं भांडं आणून तपासलं. मीटर बरोबर होतं. चौदा ग्लास! तो वर धावला. नॉर्बच्या तोंडाला वास नव्हता, डोळे स्वच्छ होते.

“आज किती प्यायलास रे?”

“कुठे प्यायलो? केव्हाचा म्हणतोय एक ग्लास घ्यावा.” नॉर्ब उठला, सावकाश जिना उतरला, दुसरा नळ ओढून ग्लास भरला, उजेडात धरून पाहिला, खूश झाला. मग कपडे धुण्याच्या यंत्रातून काढायचे राहिलेत असं त्याला आठवलं. ग्लास यंत्रावर ठेवून त्याने टॉवेल काढले, घड्या घातल्या आणि टॉवेल घेऊन तो वर निघून गेला.

यंत्रावर, त्या ग्लासाच्या शेजारी, आणखी दोन भरलेले ग्लास होते. फेस बसून गेलेला.

मग हार्लन शोधत सुटला. एक जिन्याखाली रंगाच्या डब्यांमधे. एक न्हाणीघराच्या खिडकीत. दोन पुस्तकांच्या फळीवर. एक नॉर्बच्या बुटात उभा करून ठेवलेला. पडद्याचा आकडा आता, तपासणीचं माप वजा करून, पंधरा झाला होता. त्याला चौदा सापडले. पंधरावा शोधायला अर्धा तास गेला. तो सापडला टपालपेटीत. सगळे त्याने मोरीत ओतले, विसळून पुसून जागच्या जागी ठेवले. कोणाला काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज जाऊ लागला. सकाळी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी जेवायच्या आधी एकदा. आधी पडदा बघायचा, मग तितके ग्लास शोधायचे. ती दुसरी ओळ काढून टाकावी असं त्याच्या मनात अनेकदा आलं. पण ओळ काढली तर किती ग्लास शोधायचे ते कळणार कसं? एखादा राहून गेला, त्यावर बुरशी धरली, मार्नीच्या हाताला लागला, तर? म्हणून ओळ राहिली. बैठकीच्या दिवशी पाहुणे यायच्या आधी काढू, असं त्याने ठरवलं. दोन मिनिटांचं काम होतं ते.

नॉर्ब इकडे रोज पाटी वाचण्याचा सराव करत होता, आणि दिवसेंदिवस चांगलं वाचत होता.

जूनच्या पहिल्या गुरुवारी दुपारी हार्लनने तळघर स्वच्छ केलं, ग्लास गोळा केले, ब्राटवुर्स्ट सॉसेज कांद्याबरोबर बिअरमधे उकळून ठेवले आणि मार्नीला आणायला मिलवॉकीच्या विमानतळावर निघाला. जाऊन येऊन अडीच तास. परत आल्यावरही तास हाताशी राहील असा त्याचा हिशेब होता. शहराकाठच्या मोठ्या सरोवरावरून धुकं आलं आणि विमान दीड तास उशिरा उतरलं.

येताना मार्नी गाडीत म्हणाली, “रविवारी फोनवर छान बोलला डॅड. यीस्टबद्दल इतकं काही सांगत होता! मला वाटतं मी उगाच घाबरले होते.”

“हो,” हार्लन म्हणाला. गाडी त्याला याहून जोरात चालवता येत नव्हती.

ते पोचले तेव्हा सगळे जमलेले होते. जिना उतरतानाच हार्लनला नॉर्बची पाठ दिसली, आणि पाठीवर इस्त्रीचा शर्ट. नॉर्बने वळून लेकीला पाहिलं, तोंडभर हसला, आणि तिला मिठी मारायच्या आधी ती गर्दी, तो पडदा, त्या मुठी बघून त्याला आपलं काम आठवलं.

“आलात? मग सुरू करतो.”

“नॉर्ब, थांब जरा, मला एक वायर—” हार्लन म्हणाला.

“शू!” डुएनने त्याला दाबलं. “दोन महिने वाट बघतोय. मालक बोलतायत.”

नॉर्बने पहिल्या मुठीवर हात ठेवला आणि नजर वर केली. आणि काय वाचलं त्याने! तोच आवाज, तेच मधेच थांबणं. माल्टचं नाव घेतल्यावर त्याने पडद्यावर नसलेलं एक वाक्यही जोडलं. हा माल्ट भाजताना आपल्या बेकरीच्या मागच्या गल्लीत दरवळतो तसा वास येतो, म्हणाला. लोक माना डोलावत होते. मार्नीने हार्लनचा दंड घट्ट धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या क्षणी हार्लनला वाटलं की निभावलं.

नॉर्ब जे दिसेल ते वाचत होता. सरावात त्याने सगळंच वाचलं होतं.

“शिल्लक, एकतीस ग्लास,” तो त्याच भारदस्त आवाजात म्हणाला. “आज भरलेले ग्लास, सहा.”

खसखस पिकली. “लेका, आम्हाला सोडून सुरुवात केलीस होय!” डुएन म्हणाला. नॉर्बने हसून दाद घेतली आणि तो दुसऱ्या नळाकडे वळला. तिथली कुळकथा झाली. “आज भरलेले ग्लास, नऊ.” आता हसणारे थोडे कमी झाले. तिसरा नळ. “आज भरलेले ग्लास, दोन.” चौथा. “आज भरलेले ग्लास, चार.”

कोणी हसलं नाही. एकवीस म्हणजे किती, हे त्या तळघरातल्या प्रत्येकाला कळत होतं.

मार्नीचा हात हार्लनच्या दंडावरून सुटला. “अंकल हार्लन, हे काय आहे?”

“मीटर खराब आहे गं.” असं वाक्य हार्लनच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा निघत होतं. “फेसालाही बिअर समजतं ते. भरवसा नाही त्याचा. आजच बदलणार होतो.”

“खरंच?” तिने विचारलं. तिला ते खरं असायला हवं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणखी एकच शब्द पुरला असता.

“ए हार्लन,” नॉर्ब मधेच म्हणाला. त्याला खरोखर राग आला होता. “असलं काही बोलू नकोस. मार्नी, ऐक. या माणसानं एकतीस वर्षं सगळ्या गावाचं पाणी मोजलं. एक तक्रार खरी नाही निघाली. हा डुएन आहे बघ, याच्या बायकोनं केली होती. काय निघालं रे?”

“नॉर्ब, जाऊ दे,” डुएन हळूच म्हणाला.

“अरे, सांग ना!”

“संडास गळत होता. मीटर बरोबर होतं.”

“मीटर बरोबर होतं!” नॉर्ब विजयाने म्हणाला. “तेव्हा हार्लनचं मीटर एकवीस म्हणत असेल तर मी एकवीस भरलेत. माझ्या घरात त्याचं काम खोटं ठरवायचं नाही. कोणीच नाही. त्यानंसुद्धा नाही.”

आपण मित्राची बाजू घेतली याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर राहिलं. मग ते ओसरलं. त्याने आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं.

“मग गेले कुठे ते?” त्याने विचारलं.

तो कोणा एकाला विचारत नव्हता. त्याच्या आवाजात जी भीती होती ती हार्लनने त्या सबंध महिन्यात ऐकली नव्हती. कारण तो रोज ग्लास उचलून नेत होता, आणि नॉर्बला हा प्रश्न पडण्याची वेळच येत नव्हती.

पहिला ग्लास डुएनला दिसला, त्याच्याच खुर्चीमागे. त्याने तो उचलला, मधल्या टेबलावर ठेवला. मग दुसऱ्या कोणाला यंत्रावरचे दिसले. म्हातारे उठले. कोणी फळीवरून आणला, कोणी जिन्याखालून वाकून काढला. चर्चमधे सगळे एकदम उठतात तसे ते उठले होते आणि एखादी जड वस्तू ठेवावी तसे ग्लास ठेवत होते. मार्नी वर जाऊन दोन्ही हातांत दोन घेऊन आली. काठोकाठ भरलेले, फेस मेलेले. टेबल भरत गेलं. नॉर्ब प्रत्येक ग्लासाकडे असा बघत होता, जणू कोणी परका माणूस त्याच्या घरात येऊन हे करून गेला आहे आणि तो अजून घरातच आहे.

“बसा ना,” तो अखेर म्हणाला. “प्या ना रे कोणीतरी.”

डुएनने एक ग्लास उचलला आणि ती कोमट, फेस बसलेली बिअर एका दमात प्यायली. “झकास आहे, नॉर्ब,” तो म्हणाला, आणि तोंड पुसण्याच्या निमित्ताने त्याने बराच वेळ रुमाल तोंडावर धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्नी तळघरात हार्लनच्या समोर येऊन बसली. ती रात्रभर झोपली नव्हती.

“तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“किती दिवस?”

“तेवीस.”

“आणि रोज येऊन तुम्ही ग्लास लपवत होता.”

“धुवत होतो,” तो म्हणाला. फरक त्यालाही पटला नाही.

“डॅडचे एवढे फेरे! हातात भरलेला ग्लास घेऊन, या जिन्यावरून, एकटा. दिवसातून वीस वेळा. तुम्हाला भीती नाही वाटली?”

भीती वाटली होती. पण ती भीती कशाची होती, याचा त्याने नीट विचार केला आणि त्याची मान खाली गेली. नॉर्ब पडेल याची भीती त्याला दुसऱ्या क्रमांकाची वाटली होती.

“मला तुमचा राग आला नाहीये,” मार्नी म्हणाली. “यायला हवा, पण येत नाहीये. तुम्ही नसतात तर मला एप्रिलमधेच नेता आलं असतं, एवढंच.”

तेवढ्यात नॉर्ब जिना उतरून आला. एका हाताने कठडा, एका हाताने भिंत. सकाळ होती, आणि सकाळी त्याला कळायचं.

“मला नेणार आहेस ना गं?” त्याने विचारलं.

“हो, डॅड.”

“बरं.” डॉक्टरने दात काढावा लागेल म्हटल्यावर माणूस म्हणतो तसं तो म्हणाला. तो भांडेल, टेबलावर मूठ आपटेल म्हणून हार्लन वाट बघत होता. तसं काही झालं नाही. “आणि हार्लन? त्याचं काय ठरलं?”

मार्नीने हार्लनकडे पाहिलं. हार्लनने नळांकडे पाहिलं.

“मी इथेच आहे,” तो म्हणाला.

“मग ठीक आहे,” नॉर्ब म्हणाला. “तू इथे असलास म्हणजे मला घर सापडेल.” तो खुर्चीत बसला आणि थोड्या वेळाने त्याने मार्नीला विचारलं, ईस्टरला किती दिवस राहणार आहेस.

हार्लन उठला. त्याने बिअरला दाब देणाऱ्या गॅसच्या टाकीचा खटका बंद केला, एकेक नळ उघडून दाब जाऊ दिला. पिंपांत अजून बिअर होती. ती त्याने मोरीत सोडली. वाहायला बराच वेळ लागला. नॉर्ब ते शांतपणे बघत होता. कोणाची बिअर वाहून चाललीय, ते त्याने विचारलं नाही.